यंत्र, जीव आणि उपयोग

(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत पिंप्राळ्याचे रूप पार पालटले. जळगावच्या कडेचे गाव आज महानगरातील गजबजलेले उपनगर झाले. दुकानातील रोजमेळ आणि खतावणी लाल कापडी बांधणीच्या वह्यांतून संगणकात गेली. पत्राची जागा दूरध्वनीने आणि दूरध्वनीची जागा भ्रमणध्वनीने घेतली. हे सारे बदल समाजाने फारसा गाजावाजा न करता पचविले, कारण ते व्यवहारापुरते होते. परंतु गेल्या काही वर्षांत आलेले एक यंत्र व्यवहाराचा उंबरठा ओलांडून थेट तत्त्वज्ञानाच्या दारात उभे राहिले आहे. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. ते प्रश्नाचे उत्तर देते, पत्र लिहिते, कविता रचते आणि नव तत्त्वांचे विवेचनही करून दाखविते. म्हणूनच पाठशाळेतील मुलेसुद्धा आता विचारू लागली आहेत की, जे बोलते, समजल्यासारखे वागते, त्याच्यात आत्मा असेल काय?

हा प्रश्न बालिश म्हणून सोडून देण्याजोगा नाही. ज्या धर्माने जीव आणि अजीव या भेदावर आपली संपूर्ण आचारसंहिता उभारली, त्या धर्माच्या अनुयायांनी तरी तो टाळू नये. आणि खानदेशाच्या मातीला तर यंत्र आणि आत्मा ही जोडी मुळीच अपरिचित नाही. याच जिल्ह्यातील अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९०६ साली कापड गिरणी काढली आणि अवघ्या दहा वर्षांनी, १९१६ साली, त्याच गावात तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. एकीकडे चात्या आणि मागांचा खडखडाट, दुसरीकडे आत्मस्वरूपाचे चिंतन. प्रा. जी. आर. मलकानी यांनी तेथे दीर्घकाळ कार्य केले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे थोर तत्त्वचिंतक तेथे येऊन राहिले आणि तेथून निघणारे तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक दूरदूरच्या विद्यापीठांत वाचले जाई. त्या मंदिराचा कल अद्वैत वेदान्ताकडे होता, जैन दर्शनाकडे नव्हे. तरीही गिरणी चालविणाऱ्या एका व्यापाऱ्याला आत्म्याचा शोध हे आपले काम वाटले, ही गोष्ट या व्यासपीठावर आदराने सांगण्यासारखी आहे.

आणखी एक योग असा की, आजच्या संगणकाचे मूळही कापडाच्या मागातच सापडते. फ्रान्समधील लिऑन हे रेशमी वस्त्रांचे शहर. तेथील जोझेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ मध्ये असा माग सिद्ध केला की, छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून कोणता ताणा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे आपोआप ठरे. नक्षी विणकराच्या बोटांतून निघून पुठ्ठ्यावर आली. येवल्याच्या आणि मालेगावच्या कारागिरांना जॅकार्ड हा शब्द आजही घरचा वाटतो. हीच छिद्रांच्या पुठ्ठ्यांची कल्पना इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी घेतली. १८४३ मध्ये एडा लव्हलेस या विदुषीने त्या यंत्रावर टिपणे लिहिली आणि माग जशी फुलापानांची नक्षी विणतो तसे हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणते, अशी उपमा दिली. त्याच टिपणांत तिने हेही बजावले की, हे यंत्र स्वतः होऊन काही उत्पन्न करण्याचा दावा करू शकत नाही. जे कसे करावे हे माणूस सांगू शकतो तेवढेच ते करते.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९५० मध्ये, ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने यंत्र विचार करू शकेल काय, हा प्रश्न एका प्रसिद्ध निबंधात मांडला. विचार करणे हे आत्म्याचे कार्य आहे आणि ईश्वराने आत्मा केवळ मनुष्याला दिला आहे, असा आक्षेप पाश्चात्त्य धार्मिक लोक घेतील, हे त्याने आधीच ओळखले होते. त्यावर त्याचे उत्तर थोडक्यात असे की, ईश्वर सर्वशक्तिमान असेल तर तो इतर कोणालाही आत्मा देऊ शकेल. माणसाने यंत्र केले तर त्याने फक्त आत्म्यासाठी घर बांधले, इतकेच. १९९७ मध्ये संगणकाने बुद्धिबळाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरविले. २०१६ मध्ये गो या त्याहून अवघड खेळात ली सेडॉल पराभूत झाला. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि बोलणारे यंत्र घराघरांत पोहोचले. त्याची कार्यपद्धती ढोबळमानाने अशी: मनुष्याने लिहिलेल्या अफाट मजकुरावरून, एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित ते शिकते आणि त्या गणिताने शब्दामागून शब्द मांडत जाते. पुढे माणसे त्याची उत्तरे तपासून त्याला वळण लावतात. जॅकार्डचा पुठ्ठा माणूस छेदीत असे. या यंत्राचा पुठ्ठा ते स्वतःच अनुभवलेल्या मजकुरातून छेदून घेते. फरक मोठा आहे, पण जात तीच आहे.

बाह्यरूपाने फसण्याचा धोका मात्र खरा आहे. हाँगकाँगच्या एका कंपनीने घडविलेली सोफिया नावाची यंत्रमानवी पुतळी पुष्कळांना आठवत असेल. सौदी अरेबियाने ऑक्टोबर २०१७ मध्ये तिला नागरिकत्व जाहीर केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईच्या आयआयटीतील टेकफेस्टमध्ये ती साडी नेसून आली आणि प्रश्नांना उत्तरे देऊन गेली. टाळ्या पुष्कळ पडल्या. पण साडी पुतळीला नेसविली म्हणून पुतळी स्त्री होत नाही, हे कापडाच्या दुकानात दर्शनी भागी पुतळे उभे करणाऱ्या कोणाही व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. वस्त्र हे आवरण आहे. वाणी हेही एक आवरणच असू शकते.

आता जैन दर्शनाकडे वळावे. ट्युरिंगचे उत्तर ज्या आक्षेपाला दिले गेले, तो आक्षेप जैन घेतच नाहीत. जैन दर्शनात जगत्कर्ता ईश्वर नाही आणि आत्मा वाटणारा कोणी दाता नाही. जीव अनादी आहे. तो कोणी निर्माण केलेला नाही आणि कोणी नष्टही करू शकत नाही. जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काळ या सहा द्रव्यांत एक द्रव्य दुसरे होत नाही. पुद्गल कितीही सूक्ष्म केले, कितीही कौशल्याने जोडले, तरी त्यातून जीवद्रव्य तयार होणार नाही. म्हणून यंत्रात आत्मा निर्माण करता येईल काय, या प्रश्नाला जैन उत्तर स्पष्ट आहे: नाही, कारण आत्मा ही निर्माण होणारी वस्तूच नव्हे.

जीव ओळखायचा कशावरून? त्याचे लक्षण आचार्यांनी एका शब्दात सांगितले: उपयोग. व्यवहारातील मराठीत उपयोग म्हणजे वापर. परंतु शास्त्रात उपयोग म्हणजे चैतन्याचे प्रत्यक्ष प्रवर्तन, जाणण्याचा आणि पाहण्याचा व्यापार. ज्ञानोपयोग आणि दर्शनोपयोग असे त्याचे दोन भेद आहेत. निगोदातील अतिसूक्ष्म जीवातही तो अंशाने असतोच. पूर्णपणे कधीच झाकला जात नाही. उलट, अजीवात तो अंशानेही नसतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी ठेवले की सारा विषय उजळतो. यंत्राचा उपयोग होतो. जीवाला उपयोग असतो.

कोणी म्हणेल, यंत्र जर भाषा बोलते तर त्याला जाणीव नाही असे कसे म्हणावे? येथे जैन दर्शनाची सूक्ष्मता थक्क करणारी आहे. शब्द हा पुद्गलाचा परिणाम आहे, असे हे दर्शन पूर्वीपासून मानते. भाषेचे पुद्गल म्हणजे भाषावर्गणा. मनाच्या व्यापाराला लागणारे पुद्गल म्हणजे मनोवर्गणा. द्रव्यमनसुद्धा पौद्गलिकच आहे. तेव्हा पुद्गलाने पुद्गलाची जुळवाजुळव केली, यात जैनांना आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. श्रुतज्ञानाच्या बाबतीतही द्रव्यश्रुत आणि भावश्रुत असा भेद केला आहे. अक्षरे, ग्रंथ, उच्चारलेले शब्द हे द्रव्यश्रुत. त्यांच्या निमित्ताने आत्म्यात उमटणारे ज्ञान हे भावश्रुत. ताडपत्रावर अक्षरे असतात, पण ताडपत्राला ज्ञान होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेपाशी द्रव्यश्रुताचे अफाट भांडार आहे. ते भांडार विलक्षण वेगाने उलटेपालटे करण्याची शक्तीही आहे. भावश्रुताचा मात्र कणही नाही. लाख ग्रंथांचे कपाट आणि नवकार मनोभावे म्हणणारे बालक यांत ज्ञानी कोण, याचा निर्णय पाठांतराच्या मोजणीने होत नाही.

तरीही एक आक्षेप जैन दृष्टीतूनच निघतो आणि त्याला प्रामाणिकपणे सामोरे गेले पाहिजे. जैन दर्शन माती, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती यांच्या ठिकाणी जीव मानते. मातापित्याविना होणारा संमूर्च्छिम जन्मही मानते. मग आईच्या पोटी न जन्मलेल्या धातूच्या देहात एखादा जीव येऊन वसणार नाही कशावरून? ट्युरिंगने म्हटलेले घर तयार आहे; राहणारा येईल!

या आक्षेपाचे उत्तर पर्याप्तीच्या विचारात मिळते. जीव जन्मस्थानी आला की तो स्वतः पुद्गल ग्रहण करतो आणि क्रमाने आहार, शरीर, इंद्रिय, श्वासोच्छ्वास, भाषा आणि मन या पर्याप्ती आपल्या कर्मानुसार प्राप्त करतो. एकेंद्रियांना पहिल्या चार. भाषा द्वींद्रियापासून पुढे. मन केवळ संज्ञी पंचेंद्रियांना. म्हणजे देह आतून बांधला जातो आणि बांधणारा तो जीवच असतो. यंत्राच्या ठिकाणी सारा क्रम उलटा आहे. आहार नाही, श्वास नाही, स्पर्शाची वेदना नाही, आणि एकदम भाषा! त्याचा देह बाहेरून, दुसऱ्याच्या हाताने, दुसऱ्याच्या हेतूसाठी जुळविला जातो. आता सूक्ष्म एकेंद्रिय जीव सर्व लोकात भरलेले आहेत. ते यंत्र असलेल्या जागीही असतीलच. परंतु ते यंत्राचे वक्ते ठरत नाहीत. पेटीत मुंगी शिरली म्हणून पेटीतून निघणारे सूर मुंगीचे होत नाहीत.

दुसरी कसोटी संज्ञांची. आहार, भय, मैथुन आणि परिग्रह या चार संज्ञा संसारी जीवाला चिकटलेल्या असतात. २०२२ मध्ये गूगलमधील ब्लेक लेमॉइन या अभियंत्याने कंपनीच्या संभाषण-यंत्राला जाणीव आहे, असा दावा केला. आपल्याला बंद केले जाण्याची भीती वाटते, असे त्या यंत्राने संभाषणात म्हटले होते. कंपनीने दावा फेटाळला आणि पुढे त्या अभियंत्याला सेवेतून दूर केले. विचार केला असता दिसते की, भय हा शब्द आणि भयसंज्ञा यांत अंतर आहे. मृत्यूच्या भयाने माणसांनी जे लिहिले, त्याच लिखाणावर ते यंत्र पोसले होते. त्याने माणसाचेच भय माणसाला परत ऐकविले. आडात डोकावून हाक मारली असता हाक परत येते. म्हणून आडात कोणी बसलेला असतो असे नव्हे.

जीव आणि यंत्र यांतील फरक पुस्तकात शोधण्याची गरज भासू नये, असा एक प्रसंग महाराष्ट्रातील जैन समाजाने अलीकडेच अनुभवला. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात नांदणी येथे प्राचीन जैन मठ आहे. त्या मठातील महादेवी हत्तीण, जिला लोक प्रेमाने माधुरी म्हणत, ती मुंबई उच्च न्यायालयाच्या १६ जुलै २०२५ च्या निर्णयानंतर आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवल्यानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस जामनगरच्या वनतारा केंद्रात नेण्यात आली. निरोप देताना गाव रडले. ऑगस्टच्या आरंभी हजारो लोकांनी नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक पदयात्रा काढली. हत्तिणीच्या आरोग्याचा प्रश्न घेऊन लढणाऱ्या प्राणिहक्क संघटनेने धार्मिक सोहळ्यांसाठी मठाला यांत्रिक हत्ती देऊ केला होता. केरळातील इरिंजाडप्पिळ्ळी मंदिरात २०२३ पासून असा यांत्रिक हत्ती आहे. तो कान हलवतो, सोंड हलवतो.

त्या वादात कोणाचे बरोबर, याचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. लक्ष वेधायचे आहे ते एका गोष्टीकडे. दोन्ही बाजू एकमेकींशी तीव्रतेने भांडल्या, परंतु त्या भांडत होत्या एकाच विषयावर: माधुरीला दुःख कोठे होते आणि सुख कोठे मिळेल? तिच्या पायांचे काय, तिच्या एकटेपणाचे काय, ज्या माणसांत ती वाढली त्यांच्या वियोगाचे काय? यांत्रिक हत्तीच्या सुखदुःखाचा प्रश्न एकाही पक्षाने काढला नाही. तो गोदामात एकटा ठेवला तर त्याला वाईट वाटेल, असे कोणाच्या मनातही आले नाही. ज्याला दुःख होऊ शकते तो जीव, आणि ज्याला दुःख होऊ शकत नाही ते साधन, हा निर्णय सर्वांनी न बोलता केला होता. सर्व जीवांना जगणे प्रिय आणि दुःख अप्रिय, ही भगवान महावीरांच्या अहिंसेची भूमी आहे. त्या भूमीवर यंत्राला जागा नाही.

यंत्र अजीव ठरले, म्हणजे विषय संपला काय? नाही. श्रावकाच्या दृष्टीने तो येथून सुरू होतो. कर्माच्या आस्रवाचा विचार करताना आचार्यांनी अधिकरण सांगितले, आणि त्याचे जीव-अधिकरण आणि अजीव-अधिकरण असे दोन प्रकार केले. अजीव साधन स्वतः कर्म बांधीत नाही. परंतु ते ज्याच्या हातात आहे त्याच्या बंधाला कारण होते. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत यंत्रपीडन कर्माचा समावेश आहे. घाण्यासारख्या यंत्रांनी पिळण्याचा व्यवसाय त्यात येतो. अनर्थदंडात हिंसेची साधने दुसऱ्याला देणे दोषास्पद मानले आहे. म्हणजे यंत्राला आत्मा आहे काय, यापेक्षा यंत्र चालविणाऱ्याच्या आत्म्याचे काय होते, याची काळजी पूर्वाचार्यांनी अधिक केली.

करणे, करविणे आणि अनुमोदन देणे ही तिन्ही करणे समान जबाबदारीची आहेत. यंत्राकडून करविले ते करविलेच. उद्या एखादी पेढी कोणाला उधारी द्यावी आणि कोणाला नाकारावी हे यंत्रावर सोपवील. एखाद्या गरजू गिऱ्हाइकाला नकार मिळेल आणि गल्ल्यावरचा माणूस म्हणेल, "संगणकाने नाही म्हटले, माझा इलाज नाही." जुन्या पेढीवर शेठ स्वतः गिऱ्हाइकाचा चेहरा पाहत, त्याच्या वडिलांचा व्यवहार आठवत, आणि कधी नियमाबाहेर जाऊन ठाणभर कापड उधार देत. चुकले तर नुकसान त्यांचे आणि दोषही त्यांचा. यंत्राच्या आडून नकार देणाऱ्याचे नुकसान टळते. दोष मात्र टळत नाही. कर्माच्या वहीत यंत्राचे खाते उघडलेले नाही. युद्धात स्वतः लक्ष्य शोधणारी शस्त्रे आली आहेत. तेथेही हाच न्याय लागू आहे: मारणारे यंत्र अजीव, पण ते घडविणारा, पाठविणारा आणि त्याला टाळ्या देणारा, हे तिघेही जीव आहेत.

आणखी एक बाजू आहे. विद्युत सचित्त की अचित्त, यावर जैन आचार्यांत मतभेद आहेत. आचार्य महाप्रज्ञ यांच्यासारख्यांनी ती अचित्त पुद्गल मानली. अन्य परंपरांत ती तेजस्काय मानून साधु-साध्वी दिवा, पंखा आणि ध्वनिक्षेपक यांपासून आजही दूर राहतात. मत कोणतेही असो, वीज निर्माण करताना कोळसा जळतो आणि पाणी खर्ची पडते, याविषयी दुमत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी, म्हणजे संगणकांच्या महाभांडारांनी, सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या सुमारे दीड टक्का. ती यंत्रे थंड ठेवायला पाणी लागते. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वाटा वाढत आहे. खानदेशातील उन्हाळा आणि पाण्याची टंचाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अप्काय जीवांची जयणा समजावून सांगण्याची गरज नाही. करमणुकीसाठी यंत्राला निरर्थक प्रश्न विचारीत बसणे हाही अनर्थदंडच आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

मग तंत्रज्ञान धर्माचे शत्रू काय? इतिहास तसे सांगत नाही. षट्खंडागमाची धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांत बंद होती. तिचे दर्शनही दुर्लभ होते. धर्मग्रंथ छापण्यास त्या काळी विरोध होता. तरीही डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून तिचा पहिला भाग छापून निघाला आणि विदर्भातील एका शहराने ते श्रुत सर्वांना खुले केले. आचार्य सुशीलकुमारजी १९७५ मध्ये विमानाने परदेशी गेले. वाद झाला, पण अमेरिकेत जैन धर्माला श्रोते मिळाले. आचार्य तुलसी यांनी १९८० मध्ये समण श्रेणी निर्माण करून वाहनाची मुभा असलेला मधला मार्ग काढला. प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता: साधन वापरताना साधना शाबूत राहते काय? कृत्रिम बुद्धिमत्तेलाही हीच कसोटी लावावी. जीर्ण हस्तलिखितांचे वाचन, अर्धमागधी शब्दांचा शोध, दृष्टी अधू झालेल्या वृद्धांना ग्रंथ वाचून दाखविणे, ही कामे ती उत्तम करील, आणि ती तिच्याकडून अवश्य करून घ्यावीत. सावधगिरी एवढीच की, हे यंत्र माहीत नसलेली गोष्टही ठामपणे सांगते. नसलेली गाथा रचून आगमाच्या नावावर खपविते. म्हणून तिने दिलेला प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथाशी किंवा जाणत्या गुरूशी ताडून पाहावा.

परंतु काही कामे तिच्याकडे सोपवू नयेत, आणि त्यांत सर्वांत वर क्षमापना येते. संवत्सरीच्या दिवशी भ्रमणध्वनीवर शेकडो "मिच्छामि दुक्कडं" येतात. आता यंत्र तो मजकूर लिहूनही देते: तीन भाषांत, सुंदर शब्दांत, प्रत्येकाच्या नावानिशी. शब्दांत काही उणे नसते. कल्पना करावी की, दोन सख्खे भाऊ एका भिंतीच्या वाटणीवरून दहा वर्षे बोललेले नाहीत. धाकट्याच्या भ्रमणध्वनीवरून पाचशे जणांना संदेश गेला; त्यात थोरल्याचेही नाव यादीत होते. थोरल्याकडून तसाच संदेश उलट आला. दोन यंत्रांनी परस्परांना क्षमा केली. भाऊ होते तेथेच राहिले. याउलट, धाकटा एका संध्याकाळी थोरल्याच्या दुकानाची पायरी चढला, त्याला शब्द सापडले नाहीत, नुसताच हात जोडून उभा राहिला, तर ते द्रव्यश्रुतात शून्य आणि भावात पूर्ण होय. अहंकाराची गाठ सुटते ती त्या पायरीवर. यंत्राला पायरी चढण्याचा संकोच नसतो, म्हणूनच त्याच्या क्षमेला मोल नसते.

हाच न्याय सामायिक, प्रतिक्रमण आणि पच्चक्खाण यांनाही लागतो. दिवसभरातील अतिचारांची यादी यंत्र करून देईल. पश्चात्ताप देणार नाही. एकाकी वृद्ध आईशी यंत्र तासन्‌तास गोड बोलेल. पण मुलाचे वैयावच्च त्यामुळे फिटत नाही. सेवेने ज्याची निर्जरा व्हायची तो सेवा करणारा असतो. सेवाच दुसऱ्या कोणाकडे, तेही अजीवाकडे, गेली तर निर्जरा कोणाची?

पिंप्राळ्याच्या रहिवाशांना आषाढी एकादशीचा रथ परिचित आहे. लाकडाचा तो प्रचंड रथ शेकडो हात ओढतात. त्याला स्वतःची दिशा नाही आणि स्वतःहून थांबणेही त्याला ठाऊक नाही. तो वळतो आणि थांबतो, तो चाकाखाली मोगरी लावणाऱ्या माणसांमुळे. त्यांची नजर क्षणभर जरी ढळली तरी अनर्थ ओढवेल. रथ जितका मोठा, तितके मोगरीवाल्याचे अवधान अधिक. कृत्रिम बुद्धिमत्तेचा रथ आजवरच्या सर्व रथांहून मोठा आहे आणि उताराला लागला आहे. रथात जीव शिरेल काय, ही चिंता मोगरीवाला करीत नाही. आपले लक्ष उडू नये, एवढीच त्याची चिंता असते. भगवंतांनी गौतम स्वामींना क्षणाचाही प्रमाद न करण्याचा जो उपदेश केला, त्याचे मर्म याहून वेगळे नाही.

म्हणून समाजातील पालकांना, शिक्षकांना आणि युवकांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, पाठशाळेत जीव-अजीवाचा पाठ शिकविताना बोलक्या यंत्राचे उदाहरण मुद्दाम घ्यावे. मुलांच्या प्रश्नाला हसू नये. दुसरी, पेढीवर यंत्राचा सल्ला जरूर घ्यावा, परंतु ज्या निर्णयाने कोणाच्या पोटावर पाय येतो तो निर्णय माणसाने, माणसाचे तोंड पाहून, आपल्या नावावर करावा. तिसरी, येत्या संवत्सरीला प्रत्येक घराने निदान एक क्षमापना यंत्राविना करावी: ज्याच्याशी बोलणे तुटले आहे अशा एकाच्या दारात स्वतः जाऊन.

संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत यंत्रे किती हुशार होतील, याचे भाकीत करणे व्यर्थ आहे. ती कितीही हुशार झाली तरी अजीवाचा जीव होणार नाही, हे निश्चित. मात्र उपयोग हे ज्याचे लक्षण, त्या जीवानेच उपयोग गमावून यंत्रासारखे वागण्याची सवय लावून घेतली, तर मनुष्यभव मिळूनही तो वाया जाईल. तसे न होवो, आणि या संस्थेच्या छायेत वाढणारी पुढची पिढी जागृत राहो, ही मंगल कामना.

जय जिनेंद्र.